भाताच्या रकान्यातलं गोदाम

मेल बाबांच्या नावाने होता, पण आला माझ्या फोनवर. आमच्या घरात कुठल्याही फॉर्मवर मेल लिहायची वेळ आली की माझाच लिहितात, कारण दुसऱ्या कोणाला मेलच नाही. दुपारची जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. वळ गावातल्या ज्या गोदामात मी स्टॉक बघते तिथे तिसऱ्या रांगेत स्कॅनर घेऊन उभी होते. वाटलं, बँकेची जाहिरात असेल. उघडला तर आयकर खात्याचा. तुम्ही भरलेलं विवरणपत्र आणि आमच्याकडे असलेली माहिती यांचा मेळ बसत नाही, पोर्टलवर जाऊन तपासा, चूक असेल तर दुरुस्त करा, अशा अर्थाचा. खाली तीन वर्षं दिली होती. तिन्ही वर्षांची विवरणपत्रं मी भरलेली.

माझं बोट स्कॅनरच्या बटणावर तसंच राहिलं. सहा खोक्यांच्या जागी सोळा चढले. सुपरवायझर वळून बघायला लागला.

"मॅडम, तबियत ठीक है ना?"

"ॲसिडिटी," मी म्हटलं.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघितलेली पहिली मीच, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते. बाबा चौथीपर्यंत शिकले. आई शाळेत गेली ती मला दाखल करायला. घरात आलेला प्रत्येक कागद माझ्या हातात यायचा आणि मी बोट ठेवीन तिथे बाबा सही करायचे. काय लिहिलंय हे त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमचं शेत काल्हेरच्या पलीकडे, रस्त्याला लागून. रस्ता रुंद झाला तेव्हा शेताची एक पट्टी गेली आणि मोबदला मिळाला. त्या पैशावर टॅक्स लागला नाही. एक रुपया नाही. सगळ्या गावाने ते बघितलं आणि सगळ्या गावाचं पक्कं झालं की शेताच्या पैशाला सरकार हात लावत नाही. त्या मोबदल्यातले थोडे पैसे बाबांनी बँकेत मुदत ठेवीत टाकले आणि बाकीच्यांतून उरलेल्या शेतात गोदाम बांधलं. एका कंपनीने ते भाड्याने घेतलं, बूट-चपला ठेवायला. गोदामाच्या मागे अर्धा एकर उरला, त्यात बाबा अजून भात लावतात.

कंपनी भाड्यातून दर महिन्याला दहा टक्के टॅक्स कापायची आणि बाकीचे बाबांच्या खात्यात टाकायची. ते दहा टक्के बाबांना फार लागायचे. पहिल्या वर्षी मी विवरणपत्र भरायला बसले तेव्हा ते माझ्या मागे उभे होते.

"बाय, शेतकऱ्याला टॅक्स नसतं. सातबारा काढून बग. काय लिवलाय त्याच्यावर?"

"भात."

"मंग? जमीन भाताची, भाडा जमिनीचा. यो शेतीचाच पैसा झाला का न्हाय?"

मला ते पटलं. सातबारा सरकारी कागद आहे आणि त्याच्यावर सरकारनेच भात लिहिलंय. मी गोदामाचं सगळं भाडं शेतीच्या उत्पन्नाच्या रकान्यात टाकलं. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे कर शून्य झाला, आणि कंपनीने कापलेले सगळे पैसे परत मागितले. दीड महिन्यात ते बाबांच्या खात्यात आलेसुद्धा.

त्या दिवशी बाबांनी पेढे आणले. आळीत घरोघर स्वतः दिले. "सरकारकडशी पैसं काढून आनलं पोरीनं," असं प्रत्येक दारात सांगितलं. कॉलेजचा निकाल लागला तेव्हाही त्यांनी एवढे पेढे वाटले नव्हते.

आता मेल आल्यावर मला ते पेढे आठवत होते आणि नकोसे वाटत होते. कारण मला काहीच माहीत नव्हतं असं नाही. शेवटच्या वर्षाला कराचा पेपर होता. उत्पन्नाचे पाच प्रकार मी घोकून घोकून पाठ केले होते: पगार, घर-इमारतीचं भाडं, धंदा, मालमत्ता विकून झालेला नफा आणि इतर. पहिल्या वर्षी फॉर्म भरताना मला ते खरंच आठवलं नाही. पुस्तकातल्या उदाहरणात कायम कोणीतरी मुंबईत फ्लॅट भाड्याने द्यायचा, भाताच्या शेतात पत्र्याचं गोदाम कोणी बांधत नव्हतं. पण दुसऱ्या वर्षी पिकाची नोंद करायला मी शेतात गेले. हल्ली ती आपणच ॲपवर करायची असते, पिकासमोर उभं राहून फोटो काढायचा. मी फोन धरला तर भाताच्या मागे गोदामाची अख्खी भिंत दिसत होती. मी दोन पावलं डावीकडे सरकले, खाली वाकले आणि भिंत येणार नाही असा फोटो काढला. तेव्हा मनात काहीतरी टोचलं होतं. जी गोष्ट शेतीची आहे ती फोटोतून लपवायला मी का वाकले? फॉर्मची वेळ आली तेव्हा पुन्हा तसाच फॉर्म भरला. तिसऱ्या वर्षीही भरला.

मेलबद्दल घरी बोलले नाही. लपूनछपून फोनवर वाचत राहिले. चुकीची माहिती दिली तर कराच्या दुप्पट दंड, असं एका ठिकाणी होतं. जाणूनबुजून कर चुकवला तर तुरुंगही होऊ शकतो, असं दुसऱ्या ठिकाणी. जाणूनबुजून म्हणजे किती जाणून, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. नाव बाबांचं, पॅन बाबांचा. कोणी आलं असतं तर त्यांनाच घेऊन गेलं असतं आणि ते मुकाट्याने गेले असते. का नेतायत, हे विचारायलासुद्धा त्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं.

आठ-दहा दिवस असे काढले. ड्युटीवर आकडे चुकायला लागले. घरी बाबा म्हणाले, "बायचा फोन हल्ली हातातच चिकटलाय, लगीन जमवतेय का काय." आई हसली. मी पण हसले. एका सकाळी दारासमोर पांढरी गाडी थांबली आणि दोन माणसं उतरली, इस्त्रीचे शर्ट, हातात फाइल. मी न्हाणीघराच्या दाराशी होते, तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. बाबा पुढे झाले. ती माणसं दुसऱ्या कुठल्यातरी गोदामाचा पत्ता विचारत होती. बाबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, नाक्यापर्यंत सोडायला गेले. मी आत जाऊन बाबांचा पॅन पर्समध्ये टाकला. त्याच दिवशी अर्धी रजा टाकली आणि भिवंडीत गेले.

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचे मामेसासरे तिथे टॅक्सचं काम करतात. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात. त्यांचं ऑफिस एका लूमच्या कारखान्याच्या वर आहे. खाली दिवसभर माग चालतात, त्यामुळे वकीलसाहेबांना ओरडून बोलायची सवय लागलीय. मी जेवढं हळू सांगत होते तेवढं ते मोठ्याने विचारत होते. शेजारच्या टेबलाशी एक लूममालक आपल्या पावत्या घेऊन बसला होता, त्याला माझी सगळी कहाणी फुकट ऐकायला मिळाली.

"गोदाम में क्या रखते हैं वो लोग?"

"बूट. चपला."

"तुमचं भात ठेवता तिथे कधी? बियाणं, खत, अवजारं?"

"नाही."

"तो फिर ये जूते की फसल हुई, बेटी. कौन-से महीने में काटते हो?"

लूममालक खाली मान घालून हसला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा वकीलसाहेबांनी पावत्यांचा गठ्ठा बाजूला केला आणि जरा हळू बोलले, म्हणजे त्यांच्या मानाने हळू.

शेतकऱ्याने आपल्या शेतावर आपलंच धान्य ठेवायला कोठार बांधलं तर ते शेतीत धरतात, ते म्हणाले. दुसऱ्याचा माल ठेवायला इमारत भाड्याने दिली की ते इमारतीचं भाडं. खालची जमीन भाताची असो नाहीतर आणखी कशाची. कर जमिनीच्या नावाकडे बघत नाही, पैसा कशातून आला ते बघतो.

"आणि सगळ्या भाड्यावर कर नाही लागत," ते म्हणाले. "ग्रामपंचायतीची घरपट्टी भरता ना? ती वजा. उरलं त्याचे तीस टक्के दुरुस्तीचे म्हणून वजा, तुम्ही एक खिळा ठोकला नसलात तरी. ये छूट तो तुमने ली ही नहीं. खरं लिहिलं असतं तर इतकं काही लागलं नसतं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला आणखी लाज वाटली.

"शेतीचं काही खरंच विकता?"

"थोडं भात. पेंढा."

"ते शेतीत. त्याला कर नाही, पण दाखवायचं. पाच हजारांच्या वर गेलं तर बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते मोजतात. बरं, रस्त्याचे पैसे? बँकेत ठेवले?"

"थोडे. मुदत ठेवीत."

"व्याज कुठे दाखवलं?"

"बँकेने कापला होता टॅक्स."

"कापला म्हणजे झालं असं वाटलं तुला? कापला म्हणजे त्यांना कळलं." त्यांनी कागदावर आणखी एक ओळ ओढली. "मोबदला माफ. त्याचं व्याज माफ नाही."

एकाच शेतातून आलेला पैसा त्या कागदावर तीन ठिकाणी जाऊन बसला: भाडं एकीकडे, भात दुसरीकडे, व्याज तिसरीकडे. माझा पगार मी दरवर्षी बिनचूक भरत होते, कारण माझी कंपनी त्याचा तयार फॉर्म हातात देते आणि त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. जिथे विचार करायचा होता तिथे मी गावाचं ऐकलं होतं.

"साहेब, बाबांना जेल होईल का?" मी अखेर विचारलं.

"जेल?" ते ओरडले. लूममालकाने पावत्या लिहिणं थांबवलं. "आज नाही. अजून खात्याने केस उघडलेली नाही. विचारलंय. तोवर आपण होऊन सुधारता येतं. कर भरायचा, व्याज भरायचं, परत घेतलेले पैसे द्यायचे, वर जादा रक्कम. वर्ष जेवढं जुनं तेवढी जादा रक्कम मोठी. तुम्ही घरी बसून राहिलात आणि त्यांनी उघडलं, तर खोटी माहिती दिली म्हणतील. तब मेरे पास मत आना."

मी पर्समधून बाबांचा पॅन काढून पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"बाबांना माहिती आहे?"

"नाही."

"ओटीपी कोणाच्या फोनवर जातो?"

"आधारला त्यांचा नंबर आहे. ते मला फोनवर सांगतात."

"मग आधी त्यांना सांग. मला पण लेक आहे. ती माझ्या नावाने काही भरत असेल तर मला कळलेलं बरं."

जिना उतरताना 'आज नाही' एवढे दोनच शब्द माझ्या कानात होते. त्यातला 'नाही' मी किती धरायचा आणि 'आज' किती, हेच ठरत नव्हतं.

रविवारी सकाळी बाबा गोदामामागच्या तुकड्यात भात कापत होते. मी बांधावर उभी राहिले. सांगायला सुरुवात कुठून करायची ते घरून ठरवून निघाले होते, तिथे पोचल्यावर सगळं गेलं.

"बाबा, इन्कमटॅक्सचा कागद आलाय. तुज्या नावानं."

"मंग भर ना. तूच भरतस."

"मी चुकीचा भरला. तिनी वरसं."

त्यांचा विळा थांबला नाही. ओळ संपेपर्यंत ते कापत गेले, शेवटची मूठ खाली ठेवली आणि मग बांधावर येऊन बसले. मी सगळं सांगितलं. भाडं शेतीत धरत नाहीत. जे पैसे परत आले ते आपले नव्हते. दंडाचंही सांगितलं. तुरुंगाचं सांगणार नव्हते, पण त्यांनीच विचारलं.

"पोलीस येतील?"

"आपून भरला तं न्हाय."

"आन न भरला तं?"

"मना म्हायत न्हाय, बाबा."

कुठल्याही कागदाबद्दल 'मला माहीत नाही' असं मी त्यांना पहिल्यांदाच म्हणाले असेन. गोदामाच्या पुढच्या बाजूला ट्रक मागे घेत होते, त्याचा आवाज चालू होता.

"तुला ठाव व्हता?" त्यांनी विचारलं.

"पयल्या वरसाला न्हाय. दुसऱ्या वरसाला वाटला व्हता."

"मंग बोलली का न्हाय?"

"तू पेढं वाटलं व्हतं."

बाबा हाताला लागलेलं कुसळ काढत बसले, निघालं तरी काढत होते.

"चूक माजी हाय, तुजी न्हाय," मी म्हटलं.

"सही माजी हाय ना," ते म्हणाले. "गावात मना चोर बोलतील. तुला कोन बोलनार? तू शिकलेली." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पैसे भरायला रस्त्याच्या मोबदल्याची ठेव मोडावी लागली. ती माझ्या लग्नासाठी ठेवलेली होती हे आईने एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात बाबा माझ्याबरोबर वकीलसाहेबांकडे आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, लग्नाला घालतात तो. जिन्यात मागांच्या आवाजाने दचकले आणि मग प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून चढले.

कर भरून झाला. पहिल्या वर्षाचं सुधारित विवरणपत्र तयार झालं. त्यांच्या फोनवर ओटीपी आला. एरवी ते फोनवर मला सहा आकडे गाण्यासारखे म्हणून दाखवायचे आणि ठेवून द्यायचे. आता फोन हातात धरून ते स्क्रीनकडे बघत बसले.

"यो आकडा दिला का काय व्हतं?"

"तू म्हनलास का यो सगला खरा हाय, असा व्हतं," मी सांगितलं.

"मंग आधी वाच. काय काय खरा म्हनायचा हाय ते."

"बाबा, ओटीपीची मुदत जाईल."

"जाऊं दे."

मी वकीलसाहेबांकडे बघितलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "पढ़ो, पढ़ो. दुसरा मंगा लेंगे."

मी वाचायला लागले. नाव, पत्ता, भाडं किती, घरपट्टी किती, तीस टक्के का वजा केले, व्याज कुठल्या बँकेचं. प्रत्येक ओळ आमच्या बोलीत सांगायची, कारण मराठीतला तो सरकारी शब्द त्यांना कळत नव्हता, आणि खरं तर मलाही बऱ्याचदा कळत नव्हता. भाताची ओळ आली तेव्हा त्यांनी आकडा पुन्हा विचारला.

"पेंढा धरला का त्याच्यात?"

"धरला."

"आयच्या कोंबड्या? अंडी इकते ती."

वकीलसाहेब हसले. पण त्यांनी गांभीर्याने उत्तर दिलं, की ते शेतीत येत नाही, आईचं ते वेगळं उत्पन्न, आणि एवढ्याशा उत्पन्नाला कर लागत नाही. बाबांनी मान हलवली. मागवलेला पहिला ओटीपी कधीच बाद झाला होता. दुसरा आला तेव्हा त्यांनी चष्मा लावला आणि एकेक आकडा सांगितला, मध्ये थांबत, मी टाइप केला की नाही ते बघत. तिन्ही वर्षांना मिळून दुपार गेली. खाली पाळी बदलली तेवढ्यापुरते माग थांबले, आणि वकीलसाहेब त्या शांततेतही ओरडूनच बोलत राहिले.

खात्याकडून त्यानंतर आजपर्यंत काही आलेलं नाही. वकीलसाहेब म्हणतात, बहुतेक येणार नाही. 'बहुतेक' हा शब्द बाबांना आवडत नाही. पूर्वी त्यांना रात्री पडल्या पडल्या झोप लागायची. आता दर सोमवारी मी कामावर निघाले की ते दारात उभे असतात आणि विचारतात, "आला का कागद?" मी नाही म्हणते. कधीकधी वाटतं, मी त्यांना सांगितलं नसतं तर ही भीती माझी एकटीचीच राहिली असती. पण मग ती सहीसुद्धा त्यांची कशी म्हणायची, हे मला कळत नाही.

यंदा जुलैत नवीन विवरणपत्र भरायला आम्ही ओटीवर बसलो. बाबांनी आईलाही बोलावलं. फोन मांडीवर उपडा ठेवला आणि त्याच्यावर हात ठेवला.

"यंदा काय भरायचा हाय ते आधी मना सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग."

मी भाड्यापासून सुरुवात केली.